उधारीचे बूट

गेल्या वर्षी तलासरीतल्या शर्यतीत मी अनवाणी धावलो. डांबरावर तळवे सोलून निघाले. यंदा डहाणूच्या बाजारातील खेळसाहित्याच्या दुकानदार शेठनी शर्यतीला बक्षिसे दिलीच, शिवाय मला मापाचे बूट उधारीवर दिले. आमचे काही मित्र मात्र तिथे बूट घालून पाहतात आणि मोबाईलवरून मागवतात. मला ही लबाडी वाटते. अनवाणी धावू लागलेल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला कांस्यपदक मिळविले, हे खरे. पण म्हणून आमच्या पोरांनी अनवाणीच धावावे काय? शेठकडे दीडशे रुपये जास्त पडतात. बाबा चिकूच्या वाडीत मजुरी करतात, तेव्हा ही रक्कम मलाही बोचते. पण मोबाईलवरचा दुकानदार आम्हांला उधारी देत नाही, की शर्यतीला येऊन उभा राहत नाही. माझे दोन हप्ते अजून बाकी आहेत.