एसी अठरावर, आजी हॉलमध्ये

गेल्या मे महिन्यात एका संध्याकाळी शहात्तर वर्षांच्या आजींना त्यांचा मुलगा दवाखान्यात घेऊन आला. दोन दिवस धड जेवण नव्हतं, चालताना तोल जात होता आणि दुपारपासून त्या असंबद्ध बोलत होत्या. ब्लडप्रेशर बरंच खाली, जीभ कोरडी, रक्तातलं सोडियम कमी. त्यात बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी रोज चालू. भरती करावं लागलं. चार दिवसांत त्या सावरल्या. ऊन लागलं म्हणावं, तर आजी आठवडाभर उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या!

"घरात एसी नाही का?" मी मुलाला विचारलं.

"आहे ना सर. पण आईला एसी सोसत नाही."

विदर्भात प्रॅक्टिस करताना हे वाक्य मी दर उन्हाळ्यात ऐकतो. खोदून विचारल्यावर चित्र स्पष्ट झालं. एसी मुलाच्या बेडरूममध्ये, आणि रिमोटवर आकडा अठरा. अठरा अंशांत आजींचे गुडघे आखडतात, म्हणून त्या हॉलमध्ये झोपतात. हॉलमध्ये कूलर आहे, पण धूळ येते म्हणून खिडक्या बंद. डोक्यावर थेट गच्चीचा स्लॅब. थोड्या वेळाने खोली कोंदट होते, मग आजी कूलरही बंद करतात. शिवाय मीटर पळतं ही त्यांची काळजी वेगळीच.

म्हणजे घरातली सगळ्यात जास्त वीज खर्च होत होती धडधाकट माणसाला ब्लँकेट पांघरून झोपवण्यासाठी. ज्या व्यक्तीला गारव्याची खरी गरज होती, तिला त्याच आकड्याने खोलीबाहेर काढलं होतं. वीज वाचवायची की तब्येत जपायची, असा प्रश्न मला लोक विचारतात. माझ्या मते घराघरात हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो.

आपली त्वचा साधारण ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून थंड असेपर्यंत शरीरातली उष्णता आपोआप बाहेर जाते. हवा त्याहून तापली की एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वय झालं की घाम कमी येतो, तहानही कमी लागते. काही गोळ्या शरीरातलं पाणी कमी करतात, काही घाम रोखतात. (म्हणून गोळी परस्पर बंद करू नका. उन्हाळा सुरू होताना डॉक्टरांना एकदा दाखवा, डोस बदलायचा का ते ठरवू.)

आता एसीकडे येतो. १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलच्या रूम एसींची मूळ सेटिंग २४ अंश ठेवण्याचा नियम आहे. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. प्रत्येक घरात गणित इतकं सरळ नसलं तरी बिलात फरक दिसतोच. अठरा लावल्याने खोली लवकर गार होते, हा गैरसमज आहे. साधा कॉम्प्रेसर तेवढ्याच वेगाने चालतो, फक्त थांबत नाही. सव्वीस-सत्तावीस ठेवा आणि सोबत पंखा हळू लावा. आजी, नातू आणि मुलगा तिघेही एका खोलीत झोपू शकतील. भर उन्हाळ्यातले ते पंधरा-वीस दिवस सगळ्यांनी एकाच खोलीत गाद्या टाकल्या, तर काही बिघडत नाही. आमच्या लहानपणी गच्चीवर सगळं घर ओळीने झोपायचंच की!

पण आपल्याकडे खरा राजा कूलर. दीडटनी एसी चालू असताना साधारण दीड किलोवॅट वीज ओढतो, घरगुती कूलर दोनशे वॅटच्या आत-बाहेर. कोरड्या हवेत तो उत्तम काम करतो, आणि आपली मे महिन्यातली हवा कोरडीच असते. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत त्याचा फारसा उपयोग नाही, तिकडच्या नातेवाइकांना आग्रहाने घ्यायला लावू नका. कूलर खिडकीत बाहेरच्या बाजूला हवा आणि समोरची खिडकी किंवा दार थोडं उघडं हवं. आत आलेल्या दमट हवेला बाहेर जायला वाट मिळाली नाही, तर तासाभरात खोलीचं स्नानगृह होतं. पाऊस सुरू झाला की त्याचा गारवा संपतो, हेही लक्षात ठेवा.

दोन धोके मात्र डॉक्टर म्हणून सांगायलाच हवेत. पहिला, शॉक. पाणी भरताना, ताट्या ओल्या करताना लोखंडी कूलरला हात लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात, त्यात लहान मुलंही असतात. बटण बंद करून भागत नाही, प्लग काढा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. दुसरा, डेंग्यूचा डास. तो स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून बाजू घासा. नुसतं पाणी बदलणं पुरेसं नाही, कारण अंडी कडेला चिकटून कोरडीही महिनोन्‌महिने टिकतात.

पंख्याबद्दल थोडं. जुना पंखा ७० ते ८० वॅट घेतो, नवा बीएलडीसी तीस-पस्तीस. पण खोलीतच चाळीस अंशांच्या वर पारा गेला असेल, तर कोरडा पंखा अंगावर गरम वारा फेकतो. जागतिक आरोग्य संघटनाही ४० च्या वर पंख्यावर विसंबू नका असं सांगते. तेव्हा अंग ओल्या पंचाने पुसा आणि घरातली सगळ्यात थंड खोली गाठा. ती बहुधा खालच्या मजल्यावरची, पूर्व-उत्तरेची असते.

सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या लोकांचा त्रास रात्रीचा असतो. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडत राहतो आणि शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. गच्चीला एप्रिलच्या आधी पांढरा चुना मारून घ्या, खर्च फार नाही. अहमदाबादेत २०१० च्या भीषण लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा आला, आणि पुढे तिथे वस्त्यांमध्ये छपरं पांढरी करण्याचं काम झालं. पश्चिमेच्या खिडकीला पडदा आतून नको, बाहेरून हवा. हिरवी जाळी किंवा वाळ्याची ताटी, काहीही चालेल. काचेतून ऊन एकदा आत आलं की आतला पडदा ते परत पाठवू शकत नाही. सकाळी आठनंतर खिडक्या बंद, रात्री बाहेरची हवा निवली की उघड्या. मग कूलर कसा चालवायचा? दुपारी फक्त कूलरची खिडकी आणि हवा जायला एक फट, बाकी बंद. गच्चीवर रोज संध्याकाळी पाइपने पाणी मारणं मला पटत नाही. पाण्याची टंचाई असलेल्या गावात तर अजिबात नाही.

घरातली वयस्क व्यक्ती अचानक गोंधळली, अंग तापलं, शुद्ध हरपू लागली, तर कांदा-पन्ह्यात वेळ घालवू नका. अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि त्याच वेळी १०८ ला फोन लावा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका.

आजी मागच्या आठवड्यात तपासणीला आल्या होत्या. गादी आता मुलाच्या खोलीत, एसी सव्वीसवर. "झोप लागते का?" विचारलं तर म्हणाल्या, "मले लागते डॉक्टरसाहेब. ह्याचंच घोरणं वाढलं."