वारसा कर आणि बहिणीची सही



2024 च्या एप्रिलमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, वारसा कराचा विषय एकाएकी पेटला. सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेतल्या अशा कराचा दाखला दिला, पंतप्रधानांनी प्रचारसभांतून त्यावर झोड उठवली आणि काँग्रेसने 'हे आमचे धोरण नव्हे' म्हणून अंग काढून घेतले. त्याच दिवसांत बायकांच्या मंगळसूत्रावरही डोळा असल्याची भीती घातली गेली. मग विषय मागे पडला. एवढ्या गदारोळात बाईचे नाव आले ते दागिन्यापुरते. वारस म्हणून तिची कुणालाच आठवण झाली नाही.

शेणव्यातल्या आमच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा एक बाई म्हणाली, "आमच्या नावावर चूल नाय, कर कसला लावतील?" सगळ्या हसल्या. पण प्रश्न तिथेच सुरू होतो.

हा कर आपल्याकडे नवा नाही. 1953 च्या कायद्याने मृताच्या मालमत्तेवर 'इस्टेट ड्यूटी' बसत असे. सर्वांत वरच्या टप्प्याला दर 85 टक्क्यांवर गेला होता. वसुली थोडी आणि खटले फार, म्हणून 1985 मध्ये अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी तो रद्द केला. पुढे 1998 मध्ये बक्षीस कर गेला, 2015 च्या अर्थसंकल्पात संपत्ती करही गेला. आज आजोबांचे शंभर कोटी नातवाकडे जाताना सरकारला त्यातला छदामही मिळत नाही. शेणव्यातली बाई मात्र साबणाच्या वडीवरही कर भरते. थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासानुसार 2022-23 मध्ये देशातली 40 टक्के संपत्ती वरच्या एक टक्का लोकांकडे होती. त्यांनी दहा कोटींच्या वरच्या वारशावर 33 टक्के कर सुचवला आहे. आपल्या वाड्यापाड्यांतले कोण त्यात येईल? तरीही 'तुमची शेती काढून घेतील' ही भीती दोन एकर भातखाचरवाल्याला घालता येते, आणि ती लागू पडते. मी स्वतः या कराच्या बाजूची आहे. अंगणवाडी, आश्रमशाळा, ग्रामीण रुग्णालय यांना पैसा नाही हे आम्हांला रोज ऐकवले जाते.

पण मला त्याहून जास्त छळते ते वेगळेच. शहापूर-मुरबाडकडे एक वारसा कर केव्हाचा चालू आहे. तो फक्त बहीण भरते, दर शंभर टक्के, आणि पावतीला हक्कसोडपत्र म्हणतात. समृद्धी महामार्गासाठी शहापूर तालुक्यातल्या जमिनी गेल्या, पुढे फार्महाऊसवाल्यांनी भाव चढवले, तेव्हा वर्षानुवर्षे न फिरकलेले भाऊ बहिणींच्या सासरी गाडी घेऊन आले. एक साडी, जेवण, आणि दुय्यम निबंधकाकडे अंगठा. सही दिली नाही तर माहेर तुटते. ज्या बाईला नवरा मारतो, तिला माहेरचा उंबरठा किती मोलाचा असतो हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून सही दिली म्हणजे ती अडाणी, असे कृपा करून समजू नका. तिने तिच्यापुरता हिशेब केलेला असतो.

कायदा तिच्या बाजूने सावकाश का होईना सरकत आला. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुलींना वगळून. 2005 मध्ये केंद्राने ती अट काढली. 2005 मध्ये बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क जात नाही, हे 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी बायकांना मात्र हिंदू वारसा कायदा मुळात लागूच नाही. त्यांच्यासाठी 17 जुलै 2025 चा निकाल महत्त्वाचा आहे: छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबात, मुलींना डावलणारी रूढी सिद्ध झालेली नसताना त्यांना वाटा नाकारणे म्हणजे समानतेचा भंग, असे न्यायालयाने म्हटले. आणि 2006 च्या वनहक्क कायद्यात पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे देण्याची तरतूद आहेच.

आता कराकडे परत येऊ. इस्टेट ड्यूटी मृताच्या एकूण मालमत्तेवर बसे. वारस एक की सहा, याने फरक पडत नसे. जर्मनी-फ्रान्समध्ये कर प्रत्येक वारसाच्या वाट्यावर बसतो. त्यामुळे मिळकत जितकी जास्त जणांत वाटली जाईल तितका एकूण कर सहसा कमी होतो. आपल्याकडे उद्या असा कर आला, तर मुलींना वाटा देणे श्रीमंत घराच्या फायद्याचे ठरेल. अर्थात कर वाचवायला तिचे नाव लावायचे आणि वर्षाच्या आत हक्कसोड करून घ्यायची, ही पळवाट निघणारच. तेव्हा ज्याला हक्क सोडला त्याच्याच खात्यावर कर धरावा, ही मागणी आपण आधीच करायला हवी. विधवेच्या राहत्या घराला सूटही हवी. कर तज्ज्ञ हे आपणहून सुचवतील, असे मला वाटत नाही.

तोवर आमच्या गटाने सातबारे वाचायला घेतले आहेत. दर बैठकीला चार-पाच जणी माहेरचा आणि सासरचा उतारा आणतात, वारस नोंदीचा फेरफार शोधतात, आपले नाव आहे का पाहतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या मुली वाचून दाखवतात. कातकरी वाडीतल्या बायका उतारा आणत नाहीत, कारण घराखालची जागाही कागदावर त्यांची नसते. त्यांच्याबरोबर आम्ही गावठाणाच्या नोंदीपासून सुरुवात केली आहे.