व्हार्निशचा डबा म्हणजे छत्री नव्हे!

तुळजापूरला गेलो की महाद्वाराकडे जाताना दुकानांच्या पाट्या वाचत चालायची मला सवय आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत ओळखीच्या दोघा-तिघांनी लॉजला, हॉटेलला मोठ्या हौसेने लाकडी पाट्या लावल्या. एक पावसाळा गेला, व्हार्निशचे पापुद्रे सुटले, कडा काळ्या पडल्या. मग ठरलेलं वाक्य: "लाकूड आपल्याकडे टिकत नाही हो, फ्लेक्सच बरा!"

साफ चूक. यात लाकडाचा काडीचाही दोष नाही.

मुळात ते लाकूड होतं का, इथपासून सुरुवात आहे. एक पाटी चक्क एमडीएफची होती. दुसरी 'वॉटरप्रूफ' म्हणून गळ्यात मारलेल्या एमआर प्लायची. एमआर म्हणजे दमट हवा सोसणारा, पावसात उभा राहणारा नव्हे! बाहेर प्लायच लावायचा तर दुकानात 'सातशेदहा' मागा आणि आयएस ७१० चा शिक्का स्वतः बघा. सागवान घेताना गाभ्याचं घ्या. कडेचा फिकट, पांढुरका भागही सागवानाच्याच भावात खपवतात, पण कीड आणि कुज आधी तिथेच लागते.

आता व्हार्निश. मंडळी, ते पारदर्शक असतं हो! बालाघाटावरचं एप्रिल-मेचं ऊन त्यातून आरपार जातं आणि खालच्या लाकडाचा वरचा थर भुसभुशीत करतं. मग व्हार्निश धरणार कशाला? त्याला तडा गेला की पाणी आत शिरतं आणि उरलेल्या थराखाली कोंडून बसतं. म्हणजे संरक्षणाचे पैसे देऊन आपण कुजायची सोय करतो. (आमच्या ऑफिसात याला 'पॅच मारला' म्हणतात.) त्यापेक्षा साधा ऑइल पेंट बरा, त्यातला रंग ऊन अडवतो. लाकूड दिसायलाच हवं असेल तर बेलतेल पाजा आणि दरवर्षी पावसाळ्याआधी पुन्हा पाजा. तेवढा उत्साह नसेल तर रंगच द्या.

पण खरी गोम कापलेल्या टोकांत आहे. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या तिथे उघड्या पडतात, सपाट बाजूपेक्षा कितीतरी जास्त पाणी तिथून आत जातं. आणि नेमकी तीच बाजू सुतार कोरडी ठेवतो, कारण भिंतीला लावल्यावर ती कोणाला दिसत नाही! रंगाचे दोन-तीन जास्तीचे हात तिथे हवेत.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली, २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं. पाटीवर खर्च होणारच आहे, तो दर दोन वर्षांनी कशाला? जुन्या वाड्यांचे दरवाजे बघा. जाड भिंतीत, कमानीच्या आत बसवलेले, पाऊस पोचतच नाही. पाटीवर चार बोटं पुढे येणारी पत्र्याची पट्टी ठोका, भिंत आणि पाटीत बोटभर फट ठेवा, आणि लोखंडी स्क्रू नको, पितळी किंवा स्टेनलेसचे. सुतार "काही गरज नाही साहेब" म्हणेलच. त्याला म्हणावं, मग पाच वर्षांची गॅरंटी लिहून दे.