बाहुली लहान, धोका मोठा

बंगळुरूला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीचा एकदा सकाळीच फोन आला. "अगं, ह्यांची डावी पापणी कालपासून जराशी खाली आलीय. डोळा बारीक दिसतोय. जागरण झालं असेल म्हणून थेंब घातले. परवा केस कापताना मान मोडून घेतली, तेव्हापासून मानही दुखतेय."

मी म्हटलं, "थेंब राहू देत. भावजींना आधी मोठ्या इस्पितळात ने, आत्ताच!"

डोळ्याचं दुखणं मानेत कसं? ऐका तर. बाहुली मोठी करणारे आणि पापणी किंचित उचलून धरणारे अनुकंपी चेतातंतू सरळ डोळ्यात जात नाहीत. मेंदूच्या तळातून निघून ते मज्जारज्जूतून छातीपर्यंत उतरतात, फुप्फुसाच्या टोकावरून पुन्हा मानेत चढतात. पुढे मेंदूला रक्त पुरवणाऱ्या धमनीभोवती जाळं विणत, खांबावर चढणाऱ्या वेलीसारखे तिच्यासोबतच कवटीत शिरतात.

मानेला हिसका बसून या धमनीच्या अस्तराला चीर गेली, की रक्त भिंतीत शिरतं, भिंत फुगते आणि वेल चेपते. पापणी उतरते, बाहुली बारीक होते. घाम आणणारे बहुतेक तंतू शेजारच्या दुसऱ्या धमनीवरून जातात, म्हणून चेहऱ्याला घाम नेहमीसारखा येतो आणि शंका येत नाही. हॉर्नर या स्विस नेत्रतज्ज्ञाने १८६९ मध्ये या लक्षणांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना त्याचं नाव मिळालं. खरी भीती पुढेच आहे. चिरेपाशी धरलेली गुठळी मेंदूत गेली, तर पक्षाघात!

भावजींच्या मानेच्या रक्तवाहिन्यांचं स्कॅनिंग झालं, चीर सापडली, गुठळी होऊ नये म्हणून औषध सुरू झालं. ते बचावले. पुढे दोघं निमहान्सचं मेंदू संग्रहालय पाहून आली. तिथे खरा मेंदू हातात घेऊन पाहता येतो. बहीण म्हणाली, "एवढासा तर असतो, पण केवढं घर चालवतो!"

तेव्हा मैत्रिणींनो, घरात कुणाची पापणी अचानक उतरली, तर मंद उजेडात दोन्ही बाहुल्या पाहा. तिथे फरक जास्त कळतो. जुना फोटोही काढून बघा, कारण काहींच्या बाहुल्या मुळातच लहानमोठ्या असतात. पण फरक नवा असेल आणि जोडीला मान किंवा डोकं दुखत असेल, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा. आणि हो, केस कापायला गेलेल्यांना बजावून ठेवा: मान मोडून घ्यायची नाही!