दुसऱ्या उकळीचा केक

इटालियन भाषेत ‘रिकोटा’ म्हणजे ‘पुन्हा शिजवलेले’. मेंढीच्या वा गायीच्या दुधाचे चीज करून घेतल्यावर खाली निवळी उरते. तीत काही प्रथिने विरघळलेली असतात. निवळी ८० ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली की ती मऊ कणांच्या रूपाने वर येतात, तोच रिकोटा. फेकून द्यावयाच्या पाण्यातून दुसरा माल उभा करणारा हा व्यवहार कोणाही व्यापाऱ्यास पटावा.

चीज आणि पीठ एकत्र भाजण्याची रीत तेथे फार जुनी. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातील रोमन मुत्सद्दी केटो याने शेतीवरील ग्रंथात ‘साव्हिल्लुम’ची कृती दिली आहे: अडीच पौंड चीज, अर्धा पौंड पीठ, पाव पौंड मध व एक अंडे. मध्यभाग नीट शिजू द्यावा, कारण तेथेच थर जाड असतो, अशी सूचनाही तो देतो. (याच ग्रंथाच्या आरंभी त्याने व्यापाऱ्यास उद्योगी पण जोखमीत वावरणारा म्हटले आहे, आणि पूर्वज व्याजखोरास चोराच्या दुप्पट दंड करीत, हेही नोंदविले आहे. कृती मात्र चांगली आहे.)

आजच्या इटालियन केकमध्ये गाळलेला रिकोटा, साखर, लिंबाची किसलेली साल आणि अंडी असतात. नेपल्समध्ये ईस्टरच्या ‘पास्तिएरा’त शिजवलेले गहू व संत्र्याच्या फुलांचे सुगंधी पाणीही घालतात. अमेरिकन क्रीम चीजच्या केकसारखा तो जड व चिकट नसतो. किंचित रवाळ, हलका असतो.

जैन स्वयंपाकघरात मात्र दोन अडचणी उभ्या राहतात. अंडे तर दिसते. रेनेट दिसत नाही. पारंपरिक चीजसाठी दूध पितेवेळी मारलेल्या वासराच्या किंवा कोकराच्या जठरातील हे द्रव्य वापरतात. रिकोटात ते वेगळे घालत नाहीत, पण त्याची निवळी त्याच चीजची असते. डब्यावर ‘शाकाहारी’ खूण नसेल तर तो घेऊ नये.

घरी मात्र मार्ग आहे. अडीच ते तीन लिटर सायीचे दूध उकळीच्या बेतात आणून लिंबाच्या रसाने नासवावे आणि मलमलीत निथळावे. पनीरसारखे वजनाखाली दाबू नये. सुमारे अर्धा किलो माल मिळतो. काटेकोर अर्थाने हा रिकोटा नव्हे, कारण दूध पहिल्यांदाच शिजले आहे. तेव्हा त्याला त्याच्याच नावाने ओळखणे बरे. त्यात दीडशे ग्रॅम श्रीखंडाचा चक्का, सव्वाशे ग्रॅम साखर, तीन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर व लिंबाची साल मिसळून गुठळ्या मोडाव्यात. लोणी लावलेल्या भांड्यात ओतून १७० अंशांवर पाऊण तास भाजावे. अंड्याविना तो फुगत नाही, तरी नीट बसतो. मध्यभाग किंचित हलत असतानाच ओव्हन बंद करून दार अर्धवट उघडे ठेवावे. एकदम बाहेर काढल्यास भेग पडते.

इटलीत तो रात्रभर मुरवून दुसऱ्या दिवशी खातात. ज्या घरी रात्रीचे शिळे वर्ज्य आहे, तेथे सकाळी आठला भाजण्यास ठेवावा. दुपारी चारपर्यंत तो सुरीने स्वच्छ कापला जातो.