लेबल पेढीचे, दायित्वही पेढीचे

घाऊक बाजारातून हळद आणायची, लहान पाकिटांत भरायची आणि वर पेढीचे नाव छापायचे, ही अनेक व्यापारी घराण्यांची जुनी रीत. ‘माल आम्ही बनवला नाही’ हे उत्तर मात्र आता पुरेसे ठरत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मधील उत्पादन दायित्वाच्या तरतुदी 20 जुलै 2020 पासून लागू आहेत. कलम 86 नुसार, ज्याने स्वतंत्र हमी दिली, ज्याच्या मालाचा उत्पादकच ठाऊक नाही, किंवा वेष्टन व लेबलावरील ज्याच्या नियंत्रणामुळे हानी घडली, असा विक्रेताही भरपाईस जबाबदार ठरू शकतो.

दुकानाचा आगविमा येथे उपयोगी पडत नाही. त्यासाठी उत्पादन दायित्व विमा वेगळा घ्यावा लागतो. त्यात दावा पॉलिसी चालू असताना यावा, अशी बहुधा अट असते. नूतनीकरण चुकले, तर पूर्वी विकलेल्या पाकिटाचेही संरक्षण जाते. बाजारातून माल परत मागविण्याचा खर्च त्यात सामान्यतः धरलेला नसतो. शासकीय दंड आणि जाणूनबुजून केलेली भेसळही वगळलेली असते.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, अर्थात उत्तम मालात हलका माल मिसळणे, पूर्वाचार्यांनी गणला आहे. विमा अनवधानाच्या चुकीला आधार देतो, जाणून केलेल्या दोषाला देत नाही. म्हणून खरेदीची बिले, बॅच क्रमांक आणि तपासणीचे दाखले पॉलिसीइतक्याच काळजीने जपावेत.