नवी किडनी, छोटी गोळी आणि मुलांची उंची

मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या मुलाच्या घरात किडनी टिकेल ना, ही काळजी तर असतेच. दुसरी काळजी आईवडील दबक्या आवाजात बोलून दाखवतात. याचा चेहरा असा गोल का झाला? वर्गातली मुलं उंच झाली, हा मागे का राहिला? या दोन्ही प्रश्नांचं एक मोठं कारण रोजच्या एका छोट्या गोळीत असू शकतं. ती गोळी म्हणजे प्रेडनिसोलोन, अर्थात स्टेरॉइड.

शरीर परकी किडनी ओळखतं आणि तिच्यावर हल्ला करतं. १९५४ साली बॉस्टनमध्ये डॉ. जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधलं होतं, म्हणून तिथे हा प्रश्न आला नाही. इतरांसाठी १९६० च्या दशकात अ‍ॅझाथायोप्रिन आणि स्टेरॉइड ही जोडी उपयोगी पडली. स्टेरॉइडने अनेकांचे जीव वाचवले, हे आधी मान्य करायला हवं. पण त्याची किंमतही आहे. भूक आणि वजन वाढतं, रक्तदाब व साखर चढते, हाडं कमकुवत होतात, मोतीबिंदूही होऊ शकतो. मुलांची तर वाढच मंदावते, आणि वाढीची वर्षं पुन्हा मिळत नाहीत.

टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट ही औषधं हाती आल्यावर डॉक्टरांनी स्टेरॉइड कमी करून पाहिलं. युरोपातल्या 'ट्विस्ट' अभ्यासात १९६ मुलं होती. त्यातल्या एका गटाचं स्टेरॉइड पहिल्या काही दिवसांतच थांबवलं. सहा महिन्यांनी त्या गटाची वाढ सरस दिसली, विशेषतः वयात न आलेल्या मुलांची. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या १२ केंद्रांनी १३० मुलांचा तीन वर्षांचा अनुभव मांडला. स्टेरॉइड मुळीच न दिलेल्या मुलांत किडनी नाकारली जाण्याचं प्रमाण वाढलं नाही, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल कमी राहिलं. उंचीचा फायदा मात्र मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना झाला.

दुसरी बाजूही आहे. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकन अभ्यास मध्येच थांबवावा लागला होता. स्टेरॉइड काढण्यासाठी बाकीची औषधं जोरदार दिली गेली आणि काही मुलांना लसिका ग्रंथींचा गंभीर विकार झाला. म्हणून मूळ आजार कोणता, आधी किडनी नाकारली गेली होती का, रक्तात प्रतिपिंडं आहेत का, हे पाहूनच प्रत्येक मुलाचा निर्णय होतो.

गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नका. बरेच दिवस स्टेरॉइड घेतल्यावर शरीराची स्वतःची ग्रंथी सुस्तावते. एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून जीवावर बेतू शकतं. ताप किंवा उलट्या झाल्या तर काय करायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. वयात आलेली मुलं चेहऱ्यामुळे गुपचूप गोळ्या टाळतात. त्यांना रागावण्याआधी त्यांचं ऐकून घ्या.

आपल्याकडच्या आणखी काही गोष्टी. इथल्या उन्हाळ्यात शरीरातलं पाणी कमी झालं की किडनीवर ताण येतो. सुट्टीत भारतात जाताना औषधं हातातल्या बॅगेत ठेवा, चार दिवस जास्तीची घ्या. गणपतीतला पपनस आणि हॉटेलातलं ग्रेपफ्रूट टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी वाढवतात, तेव्हा ती फळं नकोच. फराळाच्या ताटात शेव-चिवडा बेताने, मिठाकडे लक्ष ठेवून.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. माझ्या मुलाचा डोस आणखी कमी करता येईल का? कमी केल्यावर तपासण्या किती वेळा कराव्या लागतील? त्याची उंची दर भेटीला आलेखावर नोंदली जाते का?

आणि जमलं तर एक काम आपण सगळेच करू शकतो. अमिरातीत २०१६ च्या कायद्यानंतर मृत्यूपश्चात अवयवदानाची वाट मोकळी झाली. 'हयात' या राष्ट्रीय उपक्रमात इथल्या रहिवाशांनाही नाव नोंदवता येतं. दिवाळीच्या सुट्टीत घरात हा विषय एकदा निघू द्या.